टेकूची जागा

सहावीच्या मुलांना तरफ शिकवायची असे त्या दिवशी मी घरून अडकित्ता, कात्री आणि चुलीजवळचा चिमटा पिशवीत घालून नेत असे. तिन्ही वस्तू टेबलावर मांडायच्या आणि यांच्यात सारखं काय आहे ते विचारायचं. मुलं म्हणत, तिन्ही लोखंडाच्या आहेत. कुणी म्हणे, तिन्हींना दोन पाय आहेत. मग मी फळ्यावर एक आडवी रेघ काढून तिच्यावर तीन खुणा करत असे.

प्रत्येक तरफेत तीन जागा असतात. ज्या जागेवर टेकून ती फिरते तो टेकू. जिथे उचलायचं, कापायचं किंवा फोडायचं काही असतं ती भाराची जागा. आणि जिथे आपला हात जोर लावतो ती बलाची. कात्रीत टेकू मध्ये असतो, एका बाजूला कापड आणि दुसऱ्या बाजूला बोटं. अडकित्त्यात टेकू एका टोकाला, सुपारी मध्ये आणि हात दुसऱ्या टोकाला. चिमट्यात टेकू एका टोकाला, निखारा दुसऱ्या टोकाला आणि बोटं मध्ये. चिमट्यात जोर वाचत नाही, उलट जास्तच लागतो, पण हात विस्तवापासून लांब राहतो. एवढं सांगून झालं की मुलांना समजे की सगळा खेळ टेकूच्या जागेचा आहे. तो भाराजवळ असला तर थोड्या जोरात मोठं वजन उचललं जातं.

हे मी स्वतः नागपूरकडे मराठीत शिकलो आणि भिलाईत येऊन हिंदीत शिकवलं. तरफेला उत्तोलक म्हणायचं आणि टेकूला आलंब. माझा भाऊ यातला एकही शब्द न वापरता हेच काम रोज करत असे. तो खलाशी होता. जहाजावरचा नव्हे, भिलाईत खलाशी म्हणजे जड यंत्रं उचलून, सरकवून त्यांच्या पायावर बसवणारा माणूस. क्रेन पोचत नाही किंवा मोकळी नाही, तिथे खलाशी पोचतात. त्यांची हत्यारं साधी: सब्बल म्हणजे लांब लोखंडी पहार, गुटके म्हणजे लाकडी ठोकळे, शिवाय फळ्या आणि गोल पाइप. सब्बलीचं टोक यंत्राच्या कडेखाली घालायचं, तिच्याखाली गुटका ठेवायचा, दुसरं टोक दाबायचं. कड उचलली की खाली फळी सारायची. मग दुसरी कड. असं करत यंत्र फळ्यांवर चढलं की खाली पाइप घालून ते ढकलत न्यायचं. त्यांचा गुटका म्हणजे माझा टेकू.

भाऊ जाऊन आता चौथा महिना चालू आहे. मी हे हळूहळू लिहितो आहे. रोज थोडं लिहितो आणि दुसऱ्या दिवशी त्यातलं बरंच खोडतो, कारण लिहिताना मी स्वतःला जरा बरा दाखवतो असं माझ्या लक्षात येतं.

आम्ही भंडाऱ्याकडचे. आमच्या घरी मी पहिला मॅट्रिक झालो, पुढे इंटर आणि शिक्षकाचं ट्रेनिंग. भाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. तो दुसरीत असताना वडिलांबरोबर रेल्वेच्या गँगमध्ये रूळ सरकवायला जाऊ लागला आणि परत शाळेत गेला नाही. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यानंतरच्या त्या वर्षांत आमच्या लोकांत शिकण्याबद्दल जी ओढ होती ती आज शब्दांत सांगणं अवघड आहे. शिकलेल्या माणसाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, अशी रीतच पडली होती. पंगतीत मला आधी वाढत. भाऊ मला नावानं हाक मारेनासा झाला होता, मास्तर म्हणायचा. पहिल्यांदा थट्टेनं, मग सवयीनं. त्याच्या टोळीतली माणसंही मास्तर म्हणायची, आणि माझ्याहून वयानं मोठी असून मला अहोजाहो करायची.

मी भिलाईत आलो तेव्हा पोलाद कारखान्याची पहिली भट्टी अजून पेटायची होती. जिकडेतिकडे खणलेली माती, लाल मुरूम आणि उंच उभे राहत चाललेले सांगाडे. भाऊ एका ठेकेदाराकडे खलाशी टोळीचा मुकादम होता. टोळीत सात माणसं, बहुतेक आमच्याच भागातली. ठेकेदाराच्या सुपरवायझरनं त्याचं नाव कारखान्याच्या कायम नोकरीसाठी वर पाठवलं होतं. ती नोकरी लागली की कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टरातलं क्वार्टर मिळणार होतं. तोवर भाऊ, वहिनी, त्यांची तीन वर्षांची मुलगी आणि मी असे चौघं पत्र्याच्या एका खोलीत राहत होतो. वहिनी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "नळ घरात हाय म्हणे तिथं. लाइनीत उभं रायाचं कामच नाई."

माझी नोकरीही कच्चीच होती. एक वर्ष पाहून मग कायम करायचं, असं होतं. वर्ष संपत आलं तेव्हा निरोप आला की पंधरा दिवसांत निरीक्षक येतील आणि माझा एक पाठ पाहतील. मी साधी यंत्रं हा धडा निवडला.

जेवताना मी भावाला हे सांगितलं. तो म्हणाला, "मंग माह्या कामावर ये ना एक दिवस. तुले पाहाले भेटन."

"मला आत सोडतील का?"

"रविवारी गेटावर वळखीचा माणूस असते. मी सांगतो त्याले."

मग मी त्याला तरफेचा नियम समजावून सांगू लागलो. ताट बाजूला सारून मी पाट घेतला, खाली वाटी ठेवली आणि दाखवलं की वाटी भाराच्या जवळ सरकवली की पाट किती सहज उचलतो. सब्बल सहा फुटी असेल आणि गुटका टोकापासून एक फुटावर असेल तर पाचपट जोर मिळतो. तोच गुटका अर्ध्या फुटावर आणला तर अकरापट. म्हणजे चार माणसांचं काम दोन माणसांत.

भाऊ लक्ष देऊन ऐकत होता. वहिनी म्हणाली, "यायले बारा वर्सं झाले सब्बल मारता मारता. कोणी असं सांगतलं नाई."

"कावून सांगन कोणी?" भाऊ म्हणाला. "शिकलेला घरात पायजे ना."

मी खूश झालो. भाऊ गुटका फूटभर मागे का ठेवतो, हे मी त्याला विचारलं नाही. आज वाटतं, विचारलं असतं तर त्यानं पाटावरच दाखवलं असतं. खरं तर ते उत्तर माझ्याच पुस्तकात, त्याच धड्याच्या पुढच्या परिच्छेदात होतं: जितकं बल वाचतं तितकं अंतर कमी मिळतं. गुटका एक फुटावर ठेवून सब्बलीचं टोक दीड फूट खाली दाबलं तर यंत्राची कड साडेतीन इंच वर येते. गुटका अर्ध्या फुटावर आणला तर दीड इंचाच्या थोडी वर. त्यांच्या फळ्या तीन इंच जाडीच्या होत्या. दीड इंचाच्या फटीत तीन इंचाची फळी जात नाही. हा हिशोब सहावीतला मुलगा करू शकतो. मी तो त्या दिवशी केला नाही.

रविवारी मी त्याच्याबरोबर गेलो. खिशात छोटी वही आणि पेन्सिल होती. गेटातून आत गेल्यावर त्यानं मला थांबवून सांगितलं, "आत काई बोलजो नको. वजन सब्बलीवर असलं का तोंड एकच चालते. इचाराचं ते मंग इचार."

मी मान डोलावली. ही त्यांच्या कामातली पक्की रीत होती. भार उचलला की मुकादम सोडून कुणी आवाज काढायचा नाही. खोकला आला तरी दाबायचा. सब्बलीवरचा माणूस समोरचं काही पाहू शकत नाही, त्याचं सगळं लक्ष हातात आणि कानात असतं. दोन तोंडांनी दोन गोष्टी सांगितल्या तर एक सब्बल एक ऐकते आणि दुसरी दुसरं.

पण हे मला सांगून झाल्यावर टोळीजवळ पोचताच त्यानं स्वतःच एक चूक केली. अभिमानानं केली. माझ्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, "हा माहा भाऊ. मास्तर हाय. आपण हे जे करून राहिलो ना, याचं शास्त्र यायले येते. हे सांगन ते आयकाचं."

टोळीतला एक उंच, हडकुळा माणूस हसला. "मंग आज सब्बल मास्तरलेच देऊ का?"

"त्यायच्या हातात खडू शोभते बे," भाऊ म्हणाला. सगळे हसले.

यंत्र म्हणजे एका मोठ्या पंपाचं बिडाचं धूड होतं, रशियाहून जहाजानं आलेलं. त्याला चार पाय होते आणि ते पायाच्या खड्ड्याजवळ आणून ठेवलेलं होतं. बीड कठीण असतं, वाकत नाही. आपटलं तर फुटतं. भाऊ त्याच्याभोवती दोनदा फिरला, उकिडवा बसून खालची जमीन दाबून पाहिली. कडेच्या डाव्या टोकाला एक सब्बल, तिच्यावर दोन माणसं. उजव्या टोकाला दुसरी, तिच्यावरही दोन. उरलेले तिघं फळ्या घेऊन बसले. भावानं गुटके स्वतः ठेवले, टोकापासून फूटभर. मी वहीत आकृती काढली आणि बाजूला लिहिलं, १ : ५. त्याच्याखाली, गुटका अर्ध्या फुटावर असता तर, १ : ११.

पहिली उचल नीट झाली. एका बाजूला फळी गेली. मग दोन्ही सब्बली तिकडे नेऊन समोरची कड घेतली. भाऊ हुकूम देत होता, हलक्या आवाजात, "दाब, दाब, बस." कड वर आली. फळी आत जाऊ लागली आणि अर्ध्यावर कशाला तरी अडली. भाऊ काय अडलं ते पाहायला यंत्राच्या पलीकडे गेला आणि गुडघ्यांवर बसला. त्याचं डोकं मला दिसेनासं झालं. चौघं सब्बली दाबून तसेच थांबले होते. डाव्या सब्बलीवर तो हडकुळा माणूस होता. त्याचे दंड थरथरत होते.

मी त्याच्यापासून चार पावलांवर उभा होतो. त्याची थरथर मला पाहवेना, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं असं, की माझ्या वहीत अकरापट लिहून तयार होतं आणि ते कुणाला तरी दाखवावं असं मला वाटत होतं.

मी म्हणालो, "गुटका पुढे घ्या. अजून पुढे, कडेजवळ. हलकं होईल."

आवाज मोठा निघाला. वर्गात बोलायची सवय. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मुकादमानं सांगितलेलं होतं की मास्तर सांगतील ते ऐकायचं. गुटका पुढे घ्यायला त्यानं सब्बल थोडी सैल केली.

कडेचं डावं टोक खाली आलं. सगळं वजन उजव्या सब्बलीवर आणि त्या अर्ध्या सरकलेल्या फळीवर गेलं. उजवीकडचे दोघं उडी मारून बाजूला झाले. फळी निसटली, यंत्र तिरकं घसरून खड्ड्याच्या काठावर एका पायावर बसलं आणि सुपारी फुटावी तसा एकच कोरडा आवाज झाला. पाय तुटला होता. कुणाला लागलं नाही. भाऊ पलीकडून उठला तेव्हा त्याच्या केसांत मुरूम होता.

त्यानं कुणाला काही विचारलं नाही. माझा आवाज त्यानं ऐकला होताच. त्यानं आधी माणसं मोजली आणि मग यंत्राखाली दगड लावून घेतले, म्हणजे ते आणखी घसरू नये.

थोड्या वेळानं सुपरवायझर आला. त्याच्यामागून एक रशियन इंजिनिअर आणि त्यांचा दुभाष्या. इंजिनिअर खाली बसले, त्यांनी तुटलेल्या जागेवरून अंगठा फिरवला आणि काही न बोलता उठले. त्यांच्या न बोलण्यानं सुपरवायझर जास्त चिडला.

"हुकूम किसका था?"

"मेरा, साब," भाऊ म्हणाला.

"तख्ता आधा ही अंदर था और तूने सब्बल ढीली करवाई?"

"हो साब. गलती हो गई."

मग सुपरवायझरचं लक्ष माझ्याकडे गेलं. माझा सदरा पांढरा होता. "और ये कौन है?"

मी तोंड उघडलं. मी काय बोलणार होतो ते मला खरंच माहीत नाही. भाऊ माझ्याआधी बोलला. "भाई है मेरा, साब. डब्बा लेके आया था."

माझ्या हातात डबा नव्हता, वही होती. मी वही खिशात घातली. बाजूला मुरमाच्या ढिगावर टोळीतल्या माणसांचे डबे ठेवलेले होते. मी वाकलो आणि त्यातला एक उचलला.

आतापर्यंत मी जे लिहिलं त्यात हे एक वाक्य लिहायला मला सगळ्यात जास्त दिवस लागले. ओरडणं ही चूक होती. भाऊ खोटं बोलला तो मला वाचवायला. पण डबा मी उचलला. कुणी सांगितलं नव्हतं. तो हातात धरून मी गेटापर्यंत चालत गेलो आणि टोळीतली सात माणसं मला जाताना पाहत होती.

संध्याकाळी भाऊ घरी आला. डब्याकडे पाहून म्हणाला, "हा कोणाचा आणला?" वहिनीनं तो उघडला, भाकरी आणि मिरचीचा ठेचा तसाच होता. तिनं डबा धुऊन ठेवला आणि सकाळी भाऊ तो परत घेऊन गेला. यंत्राबद्दल तो एवढंच म्हणाला, "मले फळी पाहून मंगच तिकडे जायाले पायजे होतं." वहिनीच्या देखत म्हणाला. मी जेवत होतो. मी जेवत राहिलो.

चार दिवसांनी त्याची मुकादमी गेली. टोळीतल्याच दुसऱ्याला दिली. कायम नोकरीच्या यादीत त्याच्या नावावर काट मारली गेली. तो त्याच टोळीत सब्बलीवर साधा खलाशी म्हणून उभा राहू लागला. नळाच्या रांगेत बायका वहिनीला म्हणू लागल्या, "काय बाई, रशियाचं मशीन पाडलं म्हणे तुह्या नवऱ्यानं. तिथून दुसरं पाठवतेत म्हणे, तुमच्याच नावानं."

पुढच्या आठवड्यात निरीक्षक आले. अडकित्ता, कात्री, चिमटा सगळं नीट झालं. शेवटी ते म्हणाले, इथलं एखादं उदाहरण द्या, मुलांच्या परिचयाचं. माझ्या डोक्यात दुसरं काही येईना. मी सांगितलं की गेल्याच आठवड्यात कारखान्यात मजुरांनी टेकू चुकीच्या जागी ठेवला आणि मोठं यंत्र कोसळलं. निरीक्षकांनी मान डोलावली. मुलांनी वहीत लिहून घेतलं. महिन्याभरात मी कायम झालो.

त्यानंतर दर वर्षी मी तेच उदाहरण देत गेलो. सुरुवातीला अंगावर काटा यायचा. मग येईनासा झाला. वाक्य पाठ झालं होतं. टेकू बरोबर जागी होता, हे माझ्यातला शिक्षक केव्हाच समजून चुकला होता. पंप बसवला गेला त्या सुमारास एका रात्री मी साडेतीन इंच आणि दीड इंचाचा हिशोब कागदावर मांडला होता. तरी उदाहरण बदललं नाही.

भावाला कायम नोकरी लागली ती पाच वर्षांनी, आणि तीही खलाशी म्हणूनच. क्वार्टर मिळालं. मी वेगळी खोली घेतली होती, पण रविवारी जेवायला त्याच्याकडे जात असे. त्याची मुलगी पुढे माझ्याच शाळेत आली. ती वर्गात हुशार होती आणि तिला मोठ्यांदा वाचायची सवय होती. एका रविवारी ती ओसरीवर बसून विज्ञानाची वही वाचत होती. भाऊ बाजूला सायकलची चेन साफ करत होता, मी पेपर पाहत होतो. तिनं वाचलं, "यदि मजदूर आलंब गलत स्थान पर रखें, तो भार गिर सकता है. उदाहरण, हमारे कारखाने में."

माझ्या हातातला पेपर हलला नाही. भावाचे हात थांबले.

"बाबा, हे तुमच्या कामाचं हाय ना?" ती म्हणाली. "असं झालं होतं का खरंच?"

"मास्तरनं लिहून देल्लं ना?"

"हो."

"मंग बराबर असन. पाठ कर."

आणि तो पुन्हा चेन पुसू लागला. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही. त्या दिवशी जेवणात अंड्याचा रस्सा होता आणि त्यानं मला दोनदा वाढायला लावला.

त्यानंतर थोड्याच महिन्यांनी त्याला कावीळ झाली. ती उतरलीच नाही. पोट फुगलं, डोळे पिवळे राहिले. दवाखान्यात मी त्याच्याजवळ बसत असे. बोलायला वेळ भरपूर होता. एकदा मी म्हणालो, "भाऊ, त्या पंपाच्या वेळी..." तो म्हणाला, "जाऊ दे ना मास्तर. पोरीच्या फीचं पाहा." मी ते लगेच मान्य केलं. त्यानं जाऊ दे म्हटल्याचं मला बरं वाटलं, हेही इथे लिहायला हवं.

तो गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या, दिवशी क्वार्टरासमोर सतरंज्या घातल्या होत्या. मेणबत्ती लावली, त्रिशरण झालं, आणि रीतीप्रमाणे एकेक जण उठून त्याच्याविषयी दोन शब्द बोलू लागला. वस्तीतले एक वृद्ध गृहस्थ अध्यक्ष होते. ते म्हणाले, "माणूस सोन्यासारखा. आयुष्यात एक डाव चुकला, मशीन पडलं, पण लपवलं नाई. पुढे होऊन कबूल केलं." लोकांनी माना डोलावल्या. माझी पुतणी आईजवळ बसून ऐकत होती. आता अकरा वर्षांची आहे ती. बापाबद्दल चारचौघांत सांगितलेली पहिली गोष्ट तिनं ऐकली ती ही.

मग मला बोलायला सांगितलं. मी घरून एक कागद लिहून आणला होता. तो मी काढला नाही. मी म्हणालो, "ते मशीन भावानं पाडलं नाही. हुकूम त्याचा नव्हता. भार सब्बलीवर असताना मी मध्ये बोललो. गुटका पुढे घ्या म्हणून मी सांगितलं. टेकू भावानं ठेवला होता तोच बरोबर होता."

 मागे एक बाई रडू लागली. अध्यक्ष उठले, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि लोकांकडे वळून म्हणाले, "पाहा. हे भावाचं प्रेम. मेलेल्या भावाचा दोष आपल्या अंगावर घेऊन राहिला. शिकलेला माणूस असा असते."

"नाही," मी म्हणालो, "खरंच..."

"बस, मास्तर, बस. समजते आमाले."

मला हाताला धरून बसवलं. शेजारच्या माणसानं पाण्याचा पेला दिला. जाताना दोघं-तिघं माझ्या पाया पडले.

सतरंज्यांच्या शेवटच्या ओळीत तो हडकुळा खलाशी बसला होता. तो मान खाली घालून होता. लोक पांगल्यावर मी त्याला कुंपणाशी गाठलं.

"तुम्ही डाव्या सब्बलीवर होता," मी म्हणालो. "तुम्ही त्यांना सांगा."

"मी नाई सांगत."

"का?"

"त्यानं शब्द घेतला होता आमच्याकून. सातही जणांपासून." तो माझ्याकडे न पाहता बोलत होता. "मास्तरची नोकरी कच्ची हाय म्हणे. माही जाईन तं सब्बल हाय हातात. त्याची गेली तं काय करन तो? असं बोलला. आमी हो म्हटलं."

"आता तो नाही."

"त्याच्यानं काय होते? शब्द तं हाय ना." मग म्हणाला, "तुमाले बोलाचं होतं तं तवा बोलाचं होतं, मास्तर. तवा कोणीबी तुमचं खरं मानलं असतं."

तो सायकल घेऊन गेला. म्हणजे ही सात माणसं आठ वर्षं मला रस्त्यात भेटत होती, थांबून नमस्कार करत होती, आणि सगळ्यांना सगळं माहीत होतं.

आत गेलो तेव्हा वहिनी उरलेली बुंदी डब्यात भरत होती. पुतणी आतल्या खोलीत झोपली होती. वहिनीनं हातातला झारा खाली ठेवला.

"भाऊजी, तुमी आज बोलले ते खरं हाय का? का लोक म्हणतेत तसं हाय?"

"खरं आहे."

तिनं पदराला हात पुसले. खूप सावकाश पुसले. "मंग तवा कावून नाई बोलले?"

वर्गात मुलांनी काहीही विचारलं तरी माझ्याकडे उत्तर असतं. इथेही होतं, आणि ते खरं होतं. "नोकरी जाईल असं वाटलं."

"त्यायची गेली ना."

"हो."

ती भिंतीला टेकून खाली बसली. मी उभाच होतो. बसावं की नाही ते समजत नव्हतं. मग ती बोलली. आवाज चढलेला नव्हता.

"या गोष्टीवरून मी त्यायले लय बोलली, भाऊजी. भांडण कशाचंबी असो, शेवटी मी तिथंच याची. तुमाले एक मशीन सांभाळता आलं नाई, असं म्हणाची. दवाखान्यात नेलं त्याच्या आदल्या दिवशीबी म्हटलं." तिनं डब्याचं झाकण उचललं आणि परत ठेवलं. "ते कधीच काई बोलले नाई मले. मले वाटे, चूक हाय म्हणून बोलत नाईत."